सिगारेट सोडल्यापासून

शनिवार, ११ जानेवारी

आज उन्मेषने सिगारेट सोडली.

सकाळी दादरच्या डॉक्टरांकडे तिघंही गेलो होतो. मला आत घेतलं नाही, मी बाहेर बाकावर बसून होते. येताना टॅक्सीत सुनेने, वैदेहीने, सगळं सांगितलं. सहा वर्षं आम्ही तिच्याच तपासण्या करत होतो, पण दोष तिच्यात नाहीच. उन्मेषच्या रिपोर्टमध्ये आहे, आणि डॉक्टरांच्या मते त्याचं मोठं कारण सिगारेट. तीन महिने एकही ओढायची नाही. मग पुन्हा तपासणी आणि मग पुढचे उपचार. उन्मेष पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. ‘दोष’ हा शब्द तिने उच्चारला तेव्हा त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

लालबागला उतरल्यावर त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि बिल्डिंगच्या गेटपाशी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला म्हणाला, “बघितलंस ना आई? संपलं.”

मला भरून आलं. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. शेवटचे महिने ऑक्सिजनची नळी लावून पलंगावर बसलेले असायचे, रात्रंदिवस खोकायचे आणि नाकात नळी असतानाही दोन बोटं आपोआप ओठांकडे जायची. ते पाहिलेल्या बाईला मुलाने सिगारेट टाकली म्हणजे काय झालं, ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. शिवाय नातवंडाची आशा आहे.

दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, सांभाळून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सांभाळून घेणं मला कुणी शिकवायला नको.

सोमवार, १३ जानेवारी

सकाळी उन्मेषने चहाचा कप फेकला. वैदेहीच्या कानाजवळून गेला आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर फुटला. चहात साखर जास्त होती. खरंच जास्त होती, मीही प्यायले.

तिने तुकडे वेचले, मी भिंत पुसली. तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट स्वतःचा स्वतः घेऊन ऑफिसला गेला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. वैदेहीलाही तसंच सांगितलं.

शनिवार, १८ जानेवारी

हळदीकुंकू पार पडलं. आमच्या मजल्यावरच्या आणि खालच्या दोन मजल्यांवरच्या बायका आल्या होत्या. वैदेहीने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. शिवायला टाकला तेव्हाच मी म्हटलं होतं, घामाने जीव जाईल. वाण देताना तिने हात पुढे केला आणि बाही कोपरापर्यंत सरकली. आतल्या बाजूला चार बोटांचे वळ होते, निळे, कडेने पिवळट झालेले.

शेवंतीने पाहिलं. शेवंती समोरच्याच दारात राहते. जुन्या चाळीतही आमचं दाराला दार होतं, टॉवर झाला तेव्हा चिठ्ठीत पुन्हा समोरासमोरच आलो. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. बाकीच्याही बघायला लागल्या तेव्हा मीच म्हणाले, उपचार चालू आहेत तिचे, इंजेक्शनं घेतेय, त्याने काळंनिळं पडतं. लगेच सगळ्यांनी तिला देव-देवस्की सुचवायला सुरुवात केली. वेळ निभावली.

बायका गेल्यावर वैदेही म्हणाली, “आई, इंजेक्शनं मला नाहीयेत.” एवढंच बोलून आत गेली. मी तिचीच लाज राखली, हे तिच्या लक्षात आलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

आज संध्याकाळी वाईट झालं.

वैदेहीने माहेरी फोनवर उन्मेषच्या रिपोर्टचं सांगितलं. तेही बाल्कनीत उभं राहून. त्याने ऐकलं. तिला बेडरूममध्ये घेऊन गेला आणि कडी लावली. आधी त्याचा आवाज येत होता, मग आवाज थांबले आणि नुसते धक्के ऐकू यायला लागले. कपाटावर काहीतरी आदळत होतं. मध्येच ती “नको, तोंडावर नको” म्हणाली.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. घरातलं बाहेर जाऊ नये. मालिकेतही भांडणच चाललं होतं, त्यामुळे कुठला आवाज कुठला ते नंतर मलाच कळेना.

थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि पान वाढायला सांगितलं. शांतपणे जेवला, ताक मागून घेतलं. वैदेहीचा खालचा ओठ फाटलाय आणि मोबाइलचा चुरा झालाय. मी ओठावर हळद लावायला गेले तर तिने माझा हात धरून बाजूला केला.

पंधरा वर्षांचं व्यसन असं एका दिवसात सुटत नाही. शरीर आतून मागत असतं आणि ते न मिळाल्याने माणूस वेडापिसा होतो. मी वाचलंय त्यावर. डॉक्टरांनी सिगारेटऐवजी दिलेलं च्युइंगम तो चघळतो, पण त्याने काय होणार?

रविवार, २६ जानेवारी

सकाळी खाली पार्किंगमध्ये तमाशा झाला. आमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी होती. उन्मेषने हॉर्न वाजवला तर तो माणूस उतरून आला. जिममध्ये कमावलेलं शरीर, मान बैलासारखी. त्याने उन्मेषची कॉलर धरली, आईबहिणीवरून बोलला, छातीवर ढकललं. मी गाडीत बसले होते, माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण उन्मेषने हात जोडले. “सॉरी दादा, सॉरी,” म्हणाला. हसलासुद्धा. गाडी मागे घेऊन बाहेर रस्त्यावर लावली.

सिगारेट सुटून दोन आठवडे झालेला माणूस एवढा संयम ठेवू शकतो, याचं मला कौतुक वाटलं. 

वर आल्यावर वैदेहीने विचारलं, एवढा वेळ कुठे लागला. त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं फ्रिजवर आपटलं. दोनदा. बाहेर किती गिळावं लागतं त्याला, ते कुठेतरी निघणारच.

रविवार, २ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले, चिडचिड कमी झालेली नाही. मी दुपारभर विचार करत बसलेय. डोकं शांत ठेवून दोन्ही बाजू लिहून काढते. टेलिफोन खात्यात असताना सुपरवायझर बाई सांगायच्या, घोळ झाला की आधी लिहून काढा.

सिगारेटने काय भलं होतं? उन्मेष म्हणतो, डोकं चालतं. सकाळी पोट साफ होतं. त्याच्या कंपनीतले प्रफुल्ल सर खाली टपरीवर ओढायला यायचे, तिथे गप्पा मारता मारता याचं प्रमोशन झालं. आता हा वरच बसतो आणि मागे पडल्यासारखं वाटतं म्हणतो. वजनही वाढायला लागलंय. यातलं निम्मं खोटं असेल. पण एक खरं आहे, ते मी स्वतः पाहिलंय. हे गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, आणि गिरणी बंद पडल्यावर तर घरातच. त्यांचाही हात उठायचा. पण सिगारेट पेटवली की खिडकीत जाऊन बसायचे. तेवढी पाच मिनिटं खोलीत कुणी कुणाला काही करायचं नाही. मी पोळ्या लाटून घ्यायचे, उन्मेष गृहपाठ करून घ्यायचा. पाकीट संपत आलं की मीच उन्मेषला नाक्यावर पिटाळायचे. माझ्या संसारातली शांतता म्हणजे ती पाच-पाच मिनिटं. बेरीज केली तर बरीच भरेल.

आणि वाईट काय होतं? ह्यांची फुप्फुसं गेली. शेवटी संडासापर्यंत चालवायचं नाही. उन्मेषला लहानपणी दमा होता, तो त्या धुरानेच, असं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते. दात जातात, हृदय जातं, मूल होत नाही. हे सगळं खरंच आहे, त्यात वाद नाही.

पण फुप्फुस सडायला तीस वर्षं लागतात. वैदेहीचा ओठ फाटायला किती वेळ लागला? 

मला ठरवता येत नाही. नातवंड तर हवंच आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वैदेहीची दोन बोटं मोडली. उजव्या हाताची.

सकाळी ती कामावर जायला निघाली होती. दादरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये रिसेप्शनला असते ती. तो म्हणाला, आज जायचं नाही, तोंड बघ आरशात. ती म्हणाली, तोंड तुझ्यामुळेच असं झालंय, लोकांना बघू दे. बेडरूमच्या चौकटीवर तिचा हात होता. त्याने दार लावलं. लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. मी पाहिलं ते दुसऱ्यांदा लावताना.

हाड मोडल्याचा आवाज येतो हे मला ठाऊक होतं. सुकी काटकी मोडावी तसा, पण ओलसर.

परळच्या हॉस्पिटलमध्ये मीच नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने कसं झालं म्हणून विचारलं. बाराव्या मजल्यावर वारा फार असतो, दार आपटलं, असं मी सांगितलं. तिने वैदेहीकडे पाहिलं. वैदेही छताकडे बघत होती. बोटांना पट्टी घालून प्लास्टर केलं.

टॅक्सीत ती पहिल्यांदा बोलली. “आई, सिगारेट सोडायच्या आधीही तो मारायचा.”

मी खिडकीची काच वर केली.

“तुम्ही बाबांबरोबर हॉस्पिटलमध्ये असायचात तेव्हा. त्याच्याही आधी, तुम्ही गावी जायचात तेव्हा. आणि तुम्ही घरात असतानाही.”

मी म्हटलं, बोटं दुखतायत तुझी, आता बोलू नकोस. दुखण्यात माणूस काहीही बोलतो. एका घरात राहून मला कळलं नसतं का?

संध्याकाळी शेवंती आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. आवाज खाली आणून, ह्यांचं नाव घेऊन म्हणाली, “कालिंदी, माका सगळां ऐकाक येतां. रमाकांत तुका मारी तेव्हा आमी गप रवलों. आता परत गप रवतलों काय?”

मी सांगितलं, सिगारेट सोडल्यापासून होतंय, थोडे दिवसांचं आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दार लावून घेतलं. चाळीतल्या सवयी काही लोकांच्या जात नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

भाजी आणायला म्हणून उतरले आणि नाक्यावरच्या पानवाल्याकडून सिगारेटचं पाकीट घेतलं. ह्यांच्यासाठीही मी स्वतः कधी घेतलं नव्हतं. पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो होता. तो कुणाला दिसू नये म्हणून पाकीट पिशवीत मेथीच्या जुडीखाली घातलं. लिफ्टमध्ये शेजारची मंडळी होती, तर उगाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी उन्मेष आला. वैदेही यायची होती. मी पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, दिवसाला दोन, जास्त नाही, आणि तिला कळू देऊ नकोस. तो पाकिटाकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या डोक्यावर ओठ टेकले. लहानपणानंतर पहिल्यांदा. “तुलाच कळतं आई,” म्हणाला.

वॉशिंग मशीन ठेवलंय त्या छोट्या बाल्कनीत जाऊन त्याने एक ओढली. मी दाराआडून बघत होते. खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. मला अगदी सुटल्यासारखं वाटलं. उपचार काय, दोन महिन्यांनी सुरू करता येतील. आधी घरात माणसं तर धड राहायला हवीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तीन दिवस घरात एक भांडं वाजलेलं नाही. काल त्याने वैदेहीसाठी नवा मोबाइल आणला. खोका उघडून, सिम घालून, तिच्या मोडक्या हाताकडे बघून स्वतःच सगळं लावून दिलं. आज दोघं शिवाजी पार्कला फिरून आली.

मी चूक नव्हते. ज्या औषधाने रोग शमतो ते विष असलं तरी औषधच. वैदेही मात्र अजून दार वाजलं की दचकते. सवय जायला तिलाही वेळ लागेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुसरं पाकीट आणलं. पहिलं संपलं म्हणाला. दिवसाला दोन तर नाहीतच. पण शांत आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कालचं लिहायला आज बसतेय. काल हातात पेन धरवत नव्हतं. उजव्या हाताची बोटं सुजली आहेत, आजही अक्षर वेडंवाकडं येतंय.

काल रविवार. मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. उन्मेष स्वयंपाकघरालगतच्या त्या छोट्या बाल्कनीत सिगारेट ओढत उभा होता. दार उघडंच होतं. वैदेही आंघोळ करून लवकर आली आणि तिने त्याला पाहिलं. ओरडली नाही. राखेसाठी मी त्याला दिलेली स्टीलची वाटी तिथे कठड्यावर होती, तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं वाटी कुणी दिली ते.

मग ती त्याला म्हणाली, “बरं झालं. मी डॉक्टरांना उद्या फोन करून नाही सांगते. मला या घरात मूल नकोच आहे.”

पुढे जे झालं ते मी नीट लिहिणार आहे, कारण मी दोन हातांवर होते आणि सगळं पाहिलंय.

त्याच्या बोटांत सिगारेट होती, अर्धी झालेली. त्याने ती वाटीच्या काठावर ठेवली. कठड्यावर वारा होता म्हणून वाटी आत भिंतीकडे सरकवली, सिगारेट पडणार नाही ना ते पाहिलं. नवा मोबाइल ओट्यावर होता, तो उचलून वर फडताळात ठेवला. मग तिच्याकडे आला.

पहिली थप्पड कानावर. ती फ्रिजवर गेली, तिथून पडली. त्याने केसांना धरून तिला उठवलं आणि दुसऱ्या बाजूने मारलं, मुठीने. तिच्या कानातून रक्त आलं. तिने मोडका हात तोंडापुढे धरला तर तो हात खाली ओढून मारलं. ती फरशीवर आडवी झाली तेव्हा बरगडीत लाथ घातली. एक घातली, थांबला, तिने कुशी बदलली तशी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा घातली. जागा बघून मारत होता. ती रडत नव्हती, नुसती हवा बाहेर पडल्यासारखा आवाज येत होता.

मी धावले. माझे हात माशांच्या रक्ताने भरलेले होते, त्याच हातांनी मी त्याचा शर्ट पाठीमागून धरला. तो वळला. मला वाटलं, आता त्या वेडात मलाही मारणार. पण त्याच्या चेहऱ्यावर वेड नव्हतंच. रोजचाच चेहरा होता. म्हणाला, “आई, तू बाजूला हो. लागेल तुला.” आणि माझी बोटं त्याने एकेक करून शर्टावरून सोडवली. करंगळीपासून. शेवटची दोन मी सोडेना तेव्हा ती उलटी पिरगळली. मग पुन्हा तिच्याकडे वळला आणि अजून एक लाथ घातली.

मग तो बाल्कनीत गेला. सिगारेट उचलली. राख लांब झाली होती, ती त्याने वाटीत झटकली आणि झुरका घेतला. हात थरथरत नव्हता. श्वाससुद्धा फुललेला नव्हता.

मला म्हणाला, “बांगडे झाले का?”

सुरी ओट्यावरच राहिली होती. ती हातात असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. बाहेरचं दार उघडून मी शेवंतीला हाक मारली. एकदाच, पण अख्ख्या मजल्याला ऐकू गेली असणार, कारण चार दारं उघडली. एवढ्या वर्षांत मी घराबाहेर तोंड करून कधी ओरडले नव्हते.

शेवंती आत आली. तिला बघताच उन्मेषने सिगारेट विझवली, शर्ट नीट केला. “काकू, काही नाही, हिला चक्कर आली,” म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघींनी वैदेहीला काखेत धरून उठवलं आणि लिफ्टपर्यंत नेलं. तिची ओढणी आत राहिली होती, शेवंतीने आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

परळला त्याच हॉस्पिटलमध्ये तीच डॉक्टरीण होती. यावेळी तिने मला काही विचारलं नाही, वैदेहीला विचारलं. वैदेहीने उत्तर द्यायला तोंड उघडलं पण बरगडीमुळे बोलता येईना. तेव्हा मी सांगितलं. गेल्या वेळचं दारही सांगितलं, वाऱ्याने लागलं नव्हतं ते. दोन बरगड्या मोडल्यात. कानाचा पडदा फाटलाय. 

बुधवार, २६ फेब्रुवारी

काल पोलीस स्टेशनला गेलो, शेवंती, मी आणि वैदेहीचा भाऊ निलेश. वैदेहीचा जबाब त्यांनी हॉस्पिटलमध्ये येऊन घेतला होता. आता माझा हवा होता. उन्मेषलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, दाढी केलेली. खुर्ची ओढून मला बसायला दिली.

अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी त्याला विचारलं, दारू पितोस का? नाही म्हणाला. खरंच पीत नाही. मग मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, मुलासाठी डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली. पंधरा वर्षांची सवय. शरीर मागतं, माणूस वेडापिसा होतो. माझ्या हातात काही राहिलं नाही. आईला विचारा, तिने सगळं पाहिलंय.”

त्याचा प्रत्येक शब्द माझा होता. मी वैदेहीला सांगितलेला, शेवंतीला सांगितलेला, इथे पानापानावर लिहिलेला. त्याच्या तोंडून ऐकताना तो किती घोटून तयार केल्यासारखा वाटत होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उन्मेषनेही पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. आई काय सांगणार ते त्याला माहीत होतं.

मी म्हणाले, “तो ओढत होता.”

बाईंना समजलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

“परवा तो सिगारेट ओढत होता. मीच आणून दिली होती. अर्धी झाली होती. ती त्याने वाटीत नीट ठेवली, मोबाइल उचलून ठेवला, मग तिला मारलं. मारून झाल्यावर परत जाऊन उचलली. तोवर ती विझलीसुद्धा नव्हती.”

उन्मेष म्हणाला, “आई.”

एवढंच. मी खाली बघितलं नाही. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं आणि मी सुजलेल्या बोटांनी सही केली. त्याला त्यांनी तिथेच बसवून घेतलं.

बाहेर येऊन पायरीवर मी शेवंतीचा हात धरला. तिने रिक्षा मिळत नाही म्हणून टॅक्सीवाल्याला दोन शिव्या घातल्या, इथे रिक्षा कधीच नसतात.

सोमवार, ३ मार्च

उन्मेष जामिनावर सुटला आणि घरी आला. जागा माझ्या नावावर आहे, ह्यांच्यानंतर झाली. त्याचे कपडे मी दोन बॅगांत भरून शेवंतीच्या दारात ठेवले होते आणि कुलूप बदलून घेतलं होतं. दाराच्या भिंगातून पाहिलं. त्याने आधी बेल वाजवली, मग हलक्या आवाजात बोलला. आता खरंच सोडतो, एकही ओढणार नाही, तुझी शपथ.

मी आतून म्हटलं, “ओढ. हव्या तेवढ्या ओढ. इथे यायचं नाही.”

मग त्याने दाराला लाथा घातल्या. दार जाड आहे, पण चौकट हलत होती, भिंतीवरचा ह्यांचा फोटो खाली पडला. मी सोफा ओढून दाराला लावला आणि त्यावर बसून राहिले. लाथ बसली की माझ्या पाठीत जाणवायची. तीन-चार दारं उघडल्याचा आवाज आला, शेवंतीचा आवाज आला, पार्किंगमधल्या त्या जिमवाल्या माणसाचाही आला. लाथा लगेच थांबल्या. लगेच.

त्याने बॅगा घेतल्या आणि गेला. माझा एकुलता एक मुलगा. मी सोफ्यावर बसून रडले, खोटं कशाला लिहू.

रविवार, ९ मार्च

आज फणसवाडीला गेले. वैदेही तिथे निलेशकडे आहे. येऊ का म्हणून फोन केला तेव्हा ती या म्हणाली.

जुन्या वाडीतली दोन खोल्यांची जागा. ती खिडकीपाशी पाटावर बसली होती. बरगड्यांमुळे खुर्चीत बसवत नाही म्हणाली. डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे बसले. पाकीट मीच आणलं होतं ते सांगितलं. तिला ठाऊकच होतं. क्षमा मागावी असं घरून ठरवून निघाले होते, पण तिथे तो शब्द फार लहान वाटला. ती म्हणाली, तुमचा राग आहे मला, आणि तो राहणार. मी म्हटलं, राहू दे.

तिचे केस मोकळे होते. एका हाताने वेणी घालता येत नाही आणि वहिनी कामावर गेलेली. मी विचारलं, घालू का? तिने पाठ माझ्याकडे केली.

तेल लावताना डोक्याच्या मागे चार बोटं रुंदीची जागा हाताला लागली. तिथे केसच नव्हते, खपली धरली होती. मी तिथून बोटं वळवून घेतली. बाकीचे केस तीन पेडांत घेतले आणि वेणी घालायला लागले. माझीही बोटं अजून नीट वळत नाहीत, वेणी सैल येत होती.

तिने मान न वळवता विचारलं, “आई, बाबा काय बाजूला ठेवायचे?”

मला कळलं ती काय विचारतेय. हातातला पेड तसाच राहिला. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर मात्र जिभेवरच होतं.

“चष्मा,” मी म्हणाले. “हात उचलायच्या आधी काढायचे, घडी घालायचे आणि रेडिओवर ठेवायचे.”

मी वेणी पुरी केली आणि शेवटी रबर घट्ट बसवलं.